काशीचे साडेतीन दिवस आणि तांब्याची एक लोटी

नवऱ्याच्या मोबाइलमध्ये काशीची तेवीस ठिकाणांची यादी होती, वेळेसकट आणि रंगीत रकान्यांसकट. सासूबाईंच्या यादीत दोनच गोष्टी होत्या: विश्वनाथाचं दर्शन आणि गंगेची नवी लोटी.

आमच्या देवघरातली जुनी लोटी त्यांच्या सासूबाईंनी काशीहून आणलेली. तोंड डाख लावून, म्हणजे वितळलेल्या कथलाने सांधून, बंद केलेली, दर दिवाळीला चिंचेने घासून लखलखीत व्हायची. दोन वर्षांपूर्वी घासताना हाताला हलकी लागली. कानाशी धरून हलवली तर आवाज नाही. डाख कुठेतरी सुटला होता आणि गंगा कधी उडून गेली ते कुणालाच कळलं नव्हतं. तेव्हापासून घरात "एकदा जाऊन येऊ" सुरू झालं. काशीस जावे नित्य वदावे म्हणतात, ते आम्ही दोन वर्षं नेमाने वदलो.

जमलं ते मुलांच्या नाताळच्या सुट्टीत. त्या आठवड्यात निम्मा देश तिकडेच निघतो हे ठाऊक होतं, पण शाळेपुढे इलाज नाही. सत्तरी ओलांडलेल्या आई (सासूबाईंना मी आईच म्हणते), आठवीतली लेक, तिसरीतला धाकटा आणि आम्ही दोघं. नाशिकरोडहून महानगरी एक्सप्रेस. निघायच्या आदल्या रात्री आईंनी विचारलं, "काशीला गेलं की काहीतरी आवडतं सोडायचं असतं. मी चहा सोडू का?" घरात शांतता पसरली. दिवसाला पाच कप घेणारं माणूस हे बोलत होतं.

गुरुवार

गाडी पाच तास उशिरा पोचली. डिसेंबरअखेरचं उत्तरेतलं धुकं म्हणजे काय, ते प्रयागराज ओलांडल्यावर समजलं. खिडकीबाहेर नुसता कापूस, आणि गाडी चाचपडत चालल्यासारखी. या दिवसांत जाणार असाल तर पहिल्या दिवसावर काहीही ठरवू नका. पैसे भरून काही नोंदवलं असेल तर ते दुसऱ्या दिवशीचं असू द्या.

राहायची जागा "घाटापासून दोन मिनिटांवर" होती आणि ते अगदी खरं निघालं. घाटापासून दोनच मिनिटं. मोठ्या रस्त्यापासून मात्र वीस, तीही पायी. ई-रिक्षावाल्याने गोदौलिया चौकाच्या अलीकडेच सोडलं, पुढे अडथळे लावलेले. चाकांच्या बॅगा गल्लीच्या दगडी फरशीवर दहा पावलं चालल्या, अकराव्या पावलाला शेणात गेल्या. मग नवऱ्याने एक डोक्यावर घेतली, एक मी बखोटीला मारली. तेवढ्यात समोरून बैल आला. दोन माणसं जेमतेम मावतील अशा त्या गल्लीत आम्ही भिंतीला चिकटलो. आईंनी मात्र त्याच्या पाठीला हात लावून नमस्कार केला आणि शांतपणे त्याच्या कडेने पुढे निघून गेल्या. नंदीच्या गावात नंदीला कसली वाट मागायची, हा त्यांचा हिशेब.

खोली ठरवताना तीन प्रश्न विचाराच: गाडी किती जवळ येते, तिथून किती चालायचं आणि खोलीपर्यंत पायऱ्या किती. आमच्या जागेला एक्केचाळीस होत्या. घाट जवळ असण्याचं कौतुक म्हाताऱ्या गुडघ्यांना नसतं. आणि चाकांच्या बॅगांऐवजी पाठीवरच्या सॅक घ्या.

दुपारभर सगळे झोपलो. यादीतली चार ठिकाणं तिथेच गळाली. नवरा थोडा हिरमुसला, पण घोरायला सगळ्यात आधी त्यानेच सुरुवात केली.

संध्याकाळी दशाश्वमेध घाटावर आरतीला गेलो. हा पक्का घाट नानासाहेब पेशव्यांनी 1748 साली बांधवून घेतलेला. आईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "तेव्हा एवढी माणसं येत नसतील." पायऱ्यांवर मुंगी शिरायला जागा नव्हती. पाच मिनिटांत धाकट्याचा हात माझ्या हातातून निसटला. चार पावलांवर सापडला, पण ती चार पावलं मला अजून आठवतात. त्यानंतर लगेच नावेत बसलो. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही मुलांच्या खिशात नवऱ्याचा आणि राहण्याच्या जागेचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवली, आणि चुकलात तर जिथे आहात तिथेच उभं राहायचं, शोधायला निघायचं नाही, असं बजावलं.

लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर आरती नावेतूनच पाहा. पुजारी नदीकडे तोंड करून उभे असतात, त्यामुळे नावेतून ते समोरून दिसतात, आणि बसायला हक्काची फळी मिळते. पैसे आधी ठरवा, माणशी की अख्ख्या नावेचे तेही नीट विचारून घ्या. नावा एकमेकींना इतक्या खेटून उभ्या राहतात की चहावाला एका नावेतून दुसरीत टांग टाकून येतो. त्याच्याकडे लिंबाचा काळा चहा होता, वरून पाचक चूर्णासारखा आंबटखारट मसाला. बोचरी थंडी. आईंनी कप दोन्ही हातांत धरला, एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "सोडायचा तर परतीच्या दिवशी सोडीन."

शुक्रवार

यादीप्रमाणे आज सारनाथ होतं. आदल्या रात्री लेकीने सहज पाहिलं आणि ओरडली, "बाबा, तिथलं म्युझियम शुक्रवारी बंद असतं!" रंगीत रकाने रातोरात बदलले. तुमच्या यादीतल्या प्रत्येक ठिकाणासमोर सुट्टीचा वार लिहून ठेवा, एवढं एक केलंत तरी पुष्कळ.

पहाटे साडेचारला विश्वनाथाच्या रांगेत. मोबाइल, घड्याळ, पेन, चामड्याचा पट्टा सगळं खोलीवरच ठेवलं होतं. तरी नवऱ्याच्या मनगटावरचं स्मार्टवॉच तपासणीत सापडलंच. तो परत गेला आणि आम्हाला एकदम मंदिराबाहेर पडल्यावर भेटला. त्याचं दर्शन वेगळं झालं. हार-प्रसादाच्या दुकानांत लॉकर मिळतात, पण पहाटेच्या त्या गडबडीत प्रसादाच्या टोपलीची किंमत कुणी विचारत नाही आणि नंतर वाद होतात. "लाइन के बिना करा देंगे" म्हणणारे वाटेत चार भेटले. आईंनी चौघांनाही "नको रे बाबा" असं शुद्ध मराठीत सांगितलं, आणि ते चौघांनाही कळलं.

दोन तासांची रांग. प्रत्यक्ष दर्शन काही सेकंदांचं. आत आईंच्या डोळ्यांपुढे नेमकी कुणाची तरी पाठ आली. बाहेर येईपर्यंत त्या गप्पच होत्या. मग प्रशस्त आवारात, 2021 साली झालेल्या नव्या कॉरिडॉरमध्ये, अहिल्याबाईंचा पुतळा दिसला आणि त्या तिथे थबकल्या. आज उभं असलेलं हे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी 1780 मध्ये बांधवलं. शिखरांवरचं सोनं नंतर महाराजा रणजितसिंहांनी दिलेलं. आईंचं माहेर चांदवडचं, होळकरांच्या रंगमहालाच्या सावलीतलं. पुतळ्याला हात जोडून म्हणाल्या, "आमच्या गावच्या बाई." शेजारून जाणाऱ्या एका बंगाली आजींनी कुतूहलाने पाहिलं. आईंनी त्यांनाही सांगितलं, "हमारे गाँव की." त्या आजींनी मग आईंना वाकून नमस्कारच केला. दर्शन नीट झालं नाही ही खंत त्यानंतर काही मी ऐकली नाही.

सकाळी आठला कचौडी गल्लीत बसलो. डाळीचं सारण भरलेली कचोरी, वर बटाट्याची पातळ भाजी, शेवटी जिलबी. पण खरी गंमत कोपऱ्यावरच्या मलइयोची. दूध आटवून रात्रभर उघड्यावर दवात ठेवतात, पहाटे घुसळून त्याचा फेस काढतात, त्यात केशर आणि वेलची. कुल्हडभर फेस, चमचा घातला तर चमच्यात काही आहे की नाही असं वाटावं. धाकटा म्हणाला, "आई, मी खाल्लं की नुसतं तोंड उघडलं?" फेस संपल्यावर त्याच कुल्हडात केशरी दूध ओतून देतात. हे फक्त थंडीतच मिळतं आणि उन्हं वर आली की संपतं, त्यामुळे न्याहारीच्या आधी गाठा.

दुपारी मानमंदिर घाटावरच्या राजवाड्याच्या गच्चीवर गेलो. जयपूरच्या सवाई जयसिंहाने पाच शहरांत वेधशाळा बांधल्या, त्यांतली ही एक. लेकीला शाळेत हे नुकतंच शिकवलं होतं. सम्राट यंत्रापुढे उभी राहून ती सावलीवरून वेळ काढायला निघाली, पण सावलीच नव्हती. धुक्यामुळे चार दिवस ऊन कुणी पाहिलं नव्हतं म्हणे. तरी तिने रेघा मोजून, बोटाने कोन मापून यंत्र चालतं कसं ते धाकट्याला समजावलं. तेवढा वेळ गच्चीवर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. खाली दशाश्वमेधावर तुडुंब गर्दी, आणि शंभर पावलांवर ही शांतता. काशीतली गर्दी दोन-तीन दोऱ्यांवर ओवलेली आहे. त्या सोडून एक गल्ली बाजूला गेलात तर बसायला ओटा मिळतो.

रात्री टोमॅटो चाट. तुपात परतलेला, आंबटगोड, वरून जिऱ्याचा पाक आणि कुरकुरीत शेव. दुसरा द्रोण कुणी मागवला ते कुणीच कबूल करत नाही.

शनिवार

सारनाथ शहरापासून दहा किलोमीटर. सकाळी लवकर निघालो, त्यामुळे वाटेत वाहनं कमी लागली. धामेक स्तूप धुक्यात आधी दिसलाच नाही, मग एकदम अंगावर आल्यासारखा उभा राहिला. उंची 43 मीटरच्या वर. खालच्या दगडी पट्ट्यावरची गुप्तकाळातली वेलबुट्टी पाहून आई म्हणाल्या, "पैठणीचा काठ." थायलंडहून आलेले भिक्षू प्रदक्षिणा घालत होते, आईही त्यांच्यामागे लागल्या.

जवळच धर्मराजिका स्तूपाची आता फक्त गोल बैठक उरली आहे. 1794 साली जगतसिंह नावाच्या इथल्या अधिकाऱ्याच्या माणसांनी बाजारपेठ बांधण्यासाठी त्याच्या विटा काढून नेल्या. लेक त्या गोलाच्या काठावर बराच वेळ उभी होती. "एवढा मोठा स्तूप, आणि त्याची दुकानं केली?"

संग्रहालयात शिरताच समोर अशोकस्तंभाचं सिंहशीर्ष. नोटेवर, पासपोर्टवर, नवऱ्याच्या सरकारी ओळखपत्रावर जन्मभर पाहिलेलं चित्र. पण दगडाला ती आरशासारखी झिलई असेल अशी कल्पना नव्हती, दोन हजारांहून जास्त वर्षांनंतरही. धाकटा सरळ मागे गेला आणि तिथून हाक मारली, "चौथा इकडे आहे!" नोटेवर तीनच दिसतात, चौथा कुठे लपतो हा त्याचा पहिलीपासूनचा प्रश्न होता. तेवढ्यासाठी मी सारनाथला पुन्हा जाईन.

दुपारी विश्रांती, आणि मग नावेने पंचगंगा घाट. इंजिनाची नाव न घेता हाताने वल्हवणारी घेतली. हळू जाते, पण नावाड्याशी बोलता येतं. वाटेत मणिकर्णिका आला. लेकीला आधी सांगून ठेवलं होतं, तरी जळणाऱ्या चिता मोजता मोजता ती सहावर थांबली. लाकडांचे ढीग, तराजू, धूर, आणि त्यातच पायऱ्यांवर शेळ्या. नावाड्याने वल्ही वर घेतली. फोटो काढायचे नाहीत हे त्याला सांगावं लागलं नाही, आमचे मोबाइल आधीच खिशात होते. "आजी, हे बघून भीती वाटते का?" धाकट्याने विचारलं. आई म्हणाल्या, "थंडी वाजतेय. शाल दे." शेजारी शिंदे घाटाच्या पायथ्याशी रत्नेश्वराचं देऊळ एका अंगाला झुकून उभं आहे. त्याचा गाभारा वर्षातला बराच काळ पाण्याखाली असतो.

पुढे भोसले घाटावरून गेल्यावर पात्राच्या मधोमध आईंनी बाजारातून घेतलेली तांब्याची लोटी काढली आणि वाकून भरायला घेतली. नावाडी म्हणाला, "माताजी, काशी का जल बाहर नहीं ले जाते. यहाँ का तो कीड़ा भी मुक्ति पाता है. जल ले जाओगी तो उसकी मुक्ति छूट जाएगी."

आईंचा हात तसाच राहिला. नाशिकहून दीड दिवसाचा प्रवास, दोन वर्षांची वाट, आणि आता हे. नवरा माझ्याकडे पाहतोय, मी पाण्याकडे. पंचगंगेच्या पायऱ्या समोर आल्या होत्या. एकनाथांचं भागवत 1573 मध्ये याच काशीत पूर्ण झालं, आणि त्यांचा मुक्काम या घाटावर होता असं मानतात. आईंनी त्या पायऱ्यांकडे पाहिलं.

"नाथांनी नेलीच ना इथून कावड, रामेश्वराला? मग?"

"पण आजी," धाकटा म्हणाला, "ती तर वाटेत गाढवाला पाजली!"

नावाड्याला ही गोष्ट हिंदीत सांगावी लागली. तो खदखदून हसला आणि म्हणाला, "तो फिर भर लो." लोटी भरली.

घाटाच्या पायऱ्या उभ्या चढाच्या आहेत, गुडघेदुखी असेल तर नावेतूनच पाहा. आई तीनदा बसून चढल्या. वर ब्रह्मा घाट, दुर्गा घाटाच्या गल्ल्यांत जुनी मराठी वस्ती आहे. एका दारात वाती वळत बसलेल्या आजी आमचं बोलणं ऐकून म्हणाल्या, "कोण गावचे आपण?" घर किती पिढ्यांपासून इथे आहे ते त्यांना मोजता येईना. मराठी जुनं, मधेच "अच्छा, मग?" असं. नाशिक त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. गणपतीत या म्हणाल्या, इथे उत्सव असतो. चहा आला. आईंनी घेतला.

अंधार पडायच्या आत ठठेरी बाजार गाठला. धातूकामाची ही जुनी पेठ. डाख लावणारा कारागीर फळीवर बसला होता. त्याने लोटीतलं पाणी बोटभर कमी केलं. आई रागावल्या. तो म्हणाला, काठोकाठ भरली तर तापल्यावर वाफ होऊन डाख धरत नाही. शिवाय थोडी जागा असली की "बोलती है". तोंडावर तांब्याची चकती बसवली, कडेने नवसागर चोळला. पांढरा धूर, नाकाला झोंबणारा वास. तापलेली कय्या, म्हणजे डाख लावायचं हत्यार, फिरली, कथलाचा चंदेरी थेंब कडेने धावत गेला आणि क्षणात थिजून राखी झाला. फडक्याने पुसून त्याने लोटी आईंच्या कानाशी धरली आणि हलवली. आतून बारीक डुबुक आवाज आला. आईंनी दोनदा ऐकला, मग आम्हा सगळ्यांना ऐकवला, मग शेजारच्या दुकानदारालाही.

रविवार

पहाटे अस्सी घाट. इथे रोज सूर्योदयाला आरती, मग गाणं, मग योगासनं असा कार्यक्रम असतो. गर्दी असते, पण संध्याकाळसारखी रेटारेटी नाही. चार दिवसांत पहिल्यांदा सूर्य दिसला, तोही सोललेल्या संत्र्यासारखा, तापवायची ताकद नसलेला. तिथून जवळच भदैनीत झाशीच्या राणीचं जन्मस्थान आहे. मणिकर्णिका तांबे, म्हणजे मनू, इथली. घाटाच्या नावावरून नाव, हे लेकीला तिथे लक्षात आलं आणि ती कालची नाव आठवून गप्प झाली.

परत येताना आई घाटावर थांबल्या. आम्हाला पुढे जा म्हणाल्या. पाण्याशी उभ्या राहून हात जोडले, काहीतरी पुटपुटल्या आणि आल्या. काय सोडलं ते विचारलं तर म्हणाल्या, "सांगायचं नसतं."

तेवीसपैकी नऊ ठिकाणं झाली. रामनगरचा किल्ला राहिला, विद्यापीठ राहिलं, भारतमाता मंदिरातला संगमरवरी नकाशा राहिला. साडेतीन दिवसांत आई आणि मुलांना घेऊन याहून जास्त होत नाही. पहाट ते नऊ एक गोष्ट, दुपारी झोप, संध्याकाळी एक गोष्ट. विश्वनाथाला सोमवार टाळा. श्रावणात आणि महाशिवरात्रीला जाणार असाल तर माझा हा हिशेब तुमच्या कामाचा नाही.

परतीच्या गाडीत सतन्याला चहावाला ओरडत आला. आम्ही चौघं आईंकडे पाहत होतो. "दोन दे," त्या म्हणाल्या. म्हणजे सोडला तो चहा नव्हे.

घरी आल्यावर पुढच्या रविवारी मावंदं घातलं. लोटीची पूजा झाली, जुन्या लोटीशेजारी नवी बसली. जेवायला वीस-बावीस पानं. आईंच्या पानावर सगळ्यांची नजर. पुरणपोळी घेतली, कटाची आमटी घेतली, पंचामृत, भजी, मठ्ठा, वरून विडाही. काहीच वगळलं नाही. नणंद आता सीताफळाच्या मोसमाची वाट पाहतेय.